तांदळाच्या धुवणातलं सूप

कोइंबतूरला संध्याकाळचे पाच वाजले की रस्त्याच्या कडेला सूपवाल्यांचे स्टीलचे पिंप मांडले जातात. कोल्हापुरात ज्या वेळेला माणूस भेळेच्या गाडीकडे वळतो, त्या वेळेला इथला माणूस कामावरून सुटून उभ्या उभ्या सूप पितो. मशरूमचं, केळीच्या गाभ्याचं, मटणाच्या हाडांचं. कोल्लिमलैच्या डोंगरातून येणाऱ्या मुडवाट्टुकाल नावाच्या केसाळ कंदाचं, ज्याला लोक शाकाहारी पायासूप म्हणतात. आणि मुरुंगक्कीरैचं, म्हणजे आपल्या शेवग्याच्या पाल्याचं. मी फौंड्रीतला माणूस. शिरोलीच्या एमआयडीसीतून इथल्या पंपांच्या कास्टिंगच्या कामावर आलो. दिवसभर भट्टीपुढे उभं राहून घसा कोरडा पडायचा आणि सुटल्यावर ते हिरवट, मिरपूड मारलेलं गरम पाणी फार बरं वाटायचं.

आमच्या घरमालकांच्या आई खालच्या मजल्यावर राहतात. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते, म्हणून मीही. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, रोज बाहेर काय पिऊन येता? सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. "त्यात मक्याचं पीठ जास्त, कीरै कमी. परसात झाड असताना विकत कशाला पिता, तंबी?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. कोंगु, म्हणजे कोइंबतूरच्या आसपासच्या भागातली तमिळ भलतीच अदबशीर. शेंबड्या पोरालाही ही माणसं 'या, बसा' करतात. 'ए भावा'वर वाढलेल्या मला सुरुवातीला वाटायचं, कुणीतरी आपली थट्टा करतंय. तर अशा अदबीनं मला हुकूम झाला: शनिवारी दिवस मावळायच्या आत या, पाला उतरवायचाय.

शनिवारी का, तर रविवारी सकाळी सूप करायचं म्हणून. आणि सकाळी का, तर तमिळ घरांत रात्री पालेभाजी खात नाहीत. कुठलीच. पचायला जड जाते म्हणतात. बाहेरचे सूपवाले अंधार पडल्यावरही विकतात ते अम्मांच्या हिशेबात बसत नाही. त्यांच्या घरी मुरुंगक्कीरैचं सूप अकराच्या सुमाराला, न्याहारी आणि जेवण यांच्या मधे.

झाड परसात, मोरीच्या पाण्यावर पोसलेलं. बाजारात येणाऱ्या शेंगा बहुतेक पीकेएम-१ जातीच्या असतात. तेनी जिल्ह्यात पेरियकुळमला तमिळनाडू कृषी विद्यापीठाचं फलोद्यान महाविद्यालय आहे, तिथे निघालेली ही जात. नावातली अक्षरं त्या गावाचीच. बी लावलं की वर्षाच्या आत शेंगा. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही ती मोठ्या प्रमाणावर लावली आहे. अम्मांचं झाड मात्र जुन्या वळणाचं. पोळ्ळाचीजवळच्या त्यांच्या माहेराहून आणलेली मनगटाएवढी फांदी जमिनीत खोचली आणि ती जगली. पाल्यासाठी हेच झाड बरं, असं त्या म्हणतात. मला फरक सांगता येणार नाही, कारण त्यांच्या झाडाखेरीज दुसऱ्या कुठल्या झाडाचा पाला त्यांनी मला वापरू दिलेला नाही.

मी चप्पल काढून झाडावर चढायला निघालो तर अम्मा ओरडल्या. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वजन पडलं की फांदी कडकन तुटते. बांबूला आकडी लावून फांद्या ओढायच्या. विक्रमानं वेताळ ज्या झाडावरून उतरवला ते तमिळ गोष्टीत मुरुंगेचंच झाड आहे. सुधारलेला माणूस पुन्हा जुन्या वळणावर गेला की 'वेताळ पुन्हा मुरुंगेवर चढला' असं म्हणतात. आमच्या फौंड्रीत दुरुस्त केलेली भट्टी परत बंद पडली की हेच वाक्य ऐकू येतं. वेताळाला वजन नसावं, नाहीतर गोष्ट पहिल्याच रात्री संपली असती.

पावसाळ्याबद्दलही अम्मांची सूचना होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे ईशान्येचा पाऊस लागतो तेव्हा शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे थरच्या थर बसतात. अंगाला लागले की खाज थांबत नाही. अशा दिवसांत झाडाखाली वाळत घातलेले कपडेसुद्धा झटकून घ्यायचे. घरोघरी मग जळत्या चुडीनं खोड शेकतात, आणि पाऊस सरल्यावर फांद्या छाटतात. छाटल्यानंतर जी नवी फूट येते तिचा पाला सुपाला उत्तम. अगदी शेंड्यावरचा तांबूस कोंब घ्यायचा नाही, त्याला अजून चव धरलेली नसते. खालचा जून, पिवळा पडू लागलेला पालाही नको. मधला, हिरवागार, दोन बोटांत चुरला तर ओलसर वास येणारा. जून पण हिरवा पाला त्या भाजीला आणि अडैच्या, म्हणजे डाळ-तांदळाच्या जाड डोशाच्या, पिठात टाकायला बाजूला काढतात.

आता निवडणं. शेवग्याचा पाला आजवर कोल्हापुरात आमच्या घरी फारसा आला नव्हता. आम्ही शेंगांवाले, आमटीत आणि पिठल्यात. पाल्याच्या वाटेला कुणी जात नाही याचं कारण निवडायला बसल्यावर समजतं. एकेक डहाळी, तिच्यावर उपडहाळ्या, त्यांवर काड्या, काड्यांवर बोटाच्या नखाएवढी पानं. हातानं ओरबाडली तर बारीक काड्याही सोबत येतात आणि मग सुपाच्या घोटाघोटाला काडी दाताखाली. अम्मांनी मला निवडायला बसवलंच नाही. संध्याकाळी डहाळ्या जुन्या धुवट वेष्टीत, म्हणजे तमिळ धोतरात, घट्ट गुंडाळल्या आणि गाठोडं कोपऱ्यात ठेवून दिलं. सकाळी गाठोडं सोडून डहाळ्या ताटावर आपटल्या तर पानं आपोआप झडली. रात्रभर कोंडल्यावर पानांचे देठ सुटतात. काही लोक वर्तमानपत्रात गुंडाळतात, पण छपाईच्या शाईत पाला ठेवायला अम्मा तयार नाहीत. ज्यांना रात्रभर थांबायचं नाही ते चाळणीच्या भोकातून काडी खेचून पानं अलीकडे पाडतात. तेही जमतं, फक्त पानं चुरगळतात.

उरलेल्या काड्या मी कचऱ्यात टाकणार तोच त्यांनी ताट ओढून घेतलं. या काड्यांना तमिळमध्ये ईर्कु म्हणतात आणि त्यांचं वेगळं रसम होतं. कोवळ्या काड्या ठेचून मिरी-जिऱ्याबरोबर उकळायच्या, गाळून चिंचेच्या पाण्यात रसम करायचं. गुडघे धरले की अम्मा तेच करतात. मी ते प्यायलो आहे. सुपापेक्षा उग्र, पण भातावर छान लागतं.

धुण्याचीही एक पद्धत आहे. पसरट भांड्यात भरपूर पाणी घ्यायचं, पानं त्यात सोडून हातानं ढवळायची, थोडा वेळ थांबून वरच्यावर उचलून घ्यायची. पाणी चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर. हे दोनदा.

सुपाचं खरं मर्म पाल्यात नसून पाण्यात आहे, असं माझं मत झालंय. अम्मा साधं पाणी वापरत नाहीत. दुपारच्या भाताचे तांदूळ, म्हणजे पोन्नीचे उकडे तांदूळ, त्या अकराच्या आधीच धुतात. पहिलं पाणी झाडाला. दुसऱ्या पाण्यात तांदूळ जरा चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे आणि ते दुधी धुवण सुपाला घ्यायचं. त्यात तांदळाची थोडी पिठी उतरलेली असते. उकळल्यावर ती फुगते आणि सुपाला अंग येतं. बाहेरचे लोक मक्याचं पीठ लावतात ते याच कामासाठी, पण मक्याच्या पिठानं सूप चिकट होतं आणि पाल्याच्या चवीवर पांघरूण पडतं. धुवणानं पाल्याचा तुरटपणा मवाळ होतो आणि चव तशीच राहते. "आणि पाणी सिरुवाणीचं," असं अम्मा न विसरता सांगतात. शहराला पाणी पुरवणाऱ्या सिरुवाणी नदीच्या गोड पाण्याचा कोइंबतूरकरांना पंचगंगेच्या पाण्याएवढाच अभिमान. या विषयावर मी वाद घालत नाही.

चौघांसाठी त्यांचं माप असं: निवडलेला पाला दोन वाट्या भरून, मी वजन केलं तर सुमारे ५० ग्रॅम. सांबाराचे छोटे कांदे आठ-दहा. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या. एक लहान टोमॅटो. मूगडाळ एक मोठा चमचा, कोरडी भाजून. जिरं एक चमचा, मिरी पाऊण चमचा, हळद चिमूटभर. हळद इरोडची, कारण इरोड इथून दोन-अडीच तासांवर आणि हळदीचा मोठा बाजार तिथे. धुवण चार वाट्या. तीळतेल एक चमचा. मीठ, लिंबू.

मिरी आणि जिरं खलबत्त्यात अर्धबोबडं कुटायचं. मिक्सरला लावलं तर पूड होते, पूड सुपाचा रंग काळपट करते आणि तिखटपणा सगळीकडे सारखा पसरतो. भरड असली की मधूनच एखादा कण जिभेवर चटका देतो, आणि मजा त्या चटक्यातच आहे. या भरडीतली निम्मी आधी, निम्मी शेवटी. लसूण त्याच खलबत्त्यात नुसता ठेचायचा, सालीसकट ठेचून साल काढली तर वेळ वाचतो.

पातेल्यात तेल तापवून कांदे टाकले, लाल होऊ दिले नाहीत, नुसते पारदर्शक. मग लसूण, कुटलेलं जिरं-मिरी, टोमॅटो, हळद. टोमॅटो पुरता गळेपर्यंत परतायचा. त्यावर धुवण आणि मूगडाळ. डाळ बोटानं चेपली जाईपर्यंत हे उकळत ठेवायचं. इथपर्यंत घाई नाही. मधे अम्मांनी फोनवर मुलीशी बोलून घेतलं, दारावर आलेल्या फुलवालीकडून मोगरा घेतला.

पुढचं सगळं घाईचं. आमच्या भट्टीत लोखंडाचा रस योग्य तापमानाला आला की साच्यात ओतायला मोजकी मिनिटं मिळतात, ती गेली की कास्टिंग वाया. पाला टाकल्यावर अम्मांच्या स्वयंपाकघरात तसंच वातावरण होतं. आच मोठी. पाणी खळखळा उकळत असताना पाला एकदम टाकायचा. झाकण ठेवायचं नाही. डावाने एक-दोनदा खाली दाबायचा, पाच ते सात मिनिटं, पान दोन बोटांत धरल्यावर सहज तुटलं की मीठ आणि उरलेली भरड घालून गॅस बंद.

झाकण का नाही, हे मी त्यांना विचारलं. "झाकलं तर रंग जातो आणि कडवट होतं." रंगाचं कारण माझ्या कामाच्या रसायनशास्त्रात बसतं. पानातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आम्लाच्या संगतीत शिजलं की ते निसटतं आणि हिरव्याचा मातकट शेवाळी होतो. पाल्यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. झाकण ठेवलं की ती वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते. लिंबू गॅस बंद केल्यानंतर वाटीत पिळायचं ते याचसाठी. मग टोमॅटो? तोही आंबटच. म्हणून एकच, आणि लहान. अम्मांच्या जाऊबाई टोमॅटो घालतच नाहीत, आणि त्यांच्या सुपाचा रंग जास्त सुरेख असतो हे मी अम्मांच्या माघारीच लिहू शकतो.

गाळायचं की नाही यावर घराघरांत मतभेद. हॉटेलात पाला वाटून, गाळून, वर सायीची नक्षी काढून देतात. अम्मांकडे सूप जसंच्या तसं वाटीत येतं. पाणी प्यायचं, तळाचा पाला आणि डाळ चमच्यानं खायची. माझ्या मुलीला पानं नको असतात, तिच्यापुरतं आम्ही मिक्सरमधून काढतो. ती वाटी सगळ्यांत हिरवी दिसते.

पहिला घोट घेतल्यावर जाणवते ती मिरी, मग लसूण, आणि शेवटी मागे राहते ती पाल्याची हलकी तुरट-गोडसर चव. मेथीसारखा कडूपणा नाही, पालकासारखा मऊ बुळबुळीतपणाही नाही. घाम येतो. सर्दीच्या दिवसांत नाक मोकळं होतं, पण ते श्रेय मिरीचं आणि वाफेचं.

श्रेयाचा विषय निघालाच आहे तर. मी हे सूप शिकलो असं घरी कळवल्यावर इचलकरंजीच्या मावशीनं लगेच व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला: शेवग्यात पालकाच्या २५ पट लोह, असं बरंच काही. अशी गणितं बहुतेक वाळवलेल्या पुडीची तुलना ताज्या पालकाशी करतात. ताज्या पानांत पाऊण हिश्शाहून जास्त पाणी असतं. ते उडवलं की उरलेल्याचे आकडे फुगणारच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं, १८५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४ मिलिग्रॅम लोह आहे. पालेभाजीच्या मानानं हे उत्तमच. पण आमच्या पातेल्यात पाला ५० ग्रॅम, प्यायला चौघे. म्हणजे माझ्या वाटीत लोह अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लागतं. एका वाटीनं रक्त वाढत नाही. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं ते अर्धा मिलिग्रॅम अंगी लागायला मदत होते, एवढं खरं. मावशीला हे कळवल्यावर तिनं मला हळदीच्या दुधाचा तक्ता पाठवला.

अम्मांना हा हिशेब सांगितला तर त्यांना काहीच वाटलं नाही. त्या सूप औषध म्हणून करतच नाहीत. ज्याला पाला जास्त पोटात घालवायचाय त्यानं भाजी खावी, म्हणाल्या: मुरुंगक्कीरैचं पोरियल, ओलं खोबरं घालून, ताटात मूठभर. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणानंतर त्यांनी लसूण भरपूर घालून हीच भाजी रोज दिली होती, दूध चांगलं यावं म्हणून. आपल्याकडे बाळंतिणीला शेपू, अळीव आणि डिंकाचे लाडू, तसा इथे हा पाला. सूप मात्र जिभेसाठी, पावसाळी हवेसाठी आणि तापातून उठलेल्या माणसासाठी, ज्याला दुसरं काही गिळवत नाही.

याच पाल्याबद्दल डोंगरापलीकडचे लोक वेगळं बोलतात. कोइंबतूरहून केरळातलं पालक्काड तासा-दीड तासावर. आमच्या शेजारच्या पालक्काडच्या ताई कर्किडकम महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मुरुंगेचा पाला घरात येऊ देत नाहीत; त्या दिवसांत तो बाधतो असं त्यांच्याकडे मानतात. उलट आपल्या मालवणात गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच. या दोन घरांत कोण बरोबर, हे विचारायची माझी हिंमत नाही. मी श्रावणात दोन्हीकडचं आमंत्रण घेतो.

चेट्टिनाडकडे या सुपाचा एक श्रीमंत भाऊ आहे, तण्णिसारु. धुवण तेच, छोटे कांदे तेच, पण शेवटी नारळाचं दाट दूध. अम्मांच्या माहेरी नारळ उदंड, त्यामुळे सणावारी त्याही तसं करतात. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. पांढऱ्या रश्शाच्या गावचा माणूस तेवढं जाणतो.

दिवाळीला कोल्हापूरला गेलो तेव्हा आईला करून दाखवलं. पाला शेजारच्यांच्या बांधावरचा. ते लोक शेंगा विकतात आणि पाला शेळ्यांना घालतात, त्यामुळे मागितल्यावर त्यांनी आधी शेळी कधी घेतली असं विचारलं. छोटे कांदे मिळाले नाहीत, नेहमीचाच कांदा बारीक चिरून घातला. गोडवा जरा कमी आला. तांदूळ मात्र आजऱ्याचा घनसाळ होता. त्याच्या धुवणाला जो वास येतो तो पोन्नीला नाही. उकळी फुटली तसा स्वयंपाकघरात भात शिजत असल्यासारखा घमघमाट. उकडा तांदूळ नसल्यानं सूप किंचित दाट झालं, धुवण तीन वाट्या आणि पाणी एक वाटी घेतलं असतं तर बरोबर बसलं असतं. आईनं एक वाटी संपवली, म्हणाली चव आहे, आणि दुसऱ्या वाटीत कांदा-लसूण चटणी घालून भाकरी चुरली. अम्मांना फोनवर हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. चटणीत काय काय असतं ते विचारून घेतलं, आणि येताना अर्धा किलो आणा म्हणाल्या.

एक सांगायचं राहिलं. हे सूप ठेवून चालत नाही. तासाभरात रंग उतरतो, आणि पुन्हा गरम केलं की अम्मा म्हणतात तो कडवटपणा खरोखर येतो. त्यामुळे माणसं मोजूनच पाला काढावा. जास्त निवडला गेलाच, तर कच्चा पाला ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो; अडैच्या पिठात टाकावा, किंवा आपल्या थालीपिठाच्या भाजणीत. भाजणीत जास्त चांगला लागतो.